जरा लक्ष ठेवा

घर ठरलं तेव्हा हिरा आंघोळीला गेली होती.

केसांना टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली, तर नवरा आणि सासू एकदम गप्प झाले. गप्प झाला नाही तो तिचा बाप. तो कुरवंड्याहून फोनच्या स्पीकरवर बोलत होता आणि लेक येऊन उभी राहिलीय हे त्याला दिसायची सोय नव्हती. "...तवा जावईबापू, आता तुमी काय बी घोर करू नका. सायबांस्नी म्या शब्द दिलाय. घर झालं म्हणून समजा."

"कुणाचं घर झालं, आबा?" हिरानं विचारलं.

पलीकडून आधी खोकला. मग "रेंज न्हाई गं हितं," आणि फोन बंद. कुरवंड्याची रेंज अशी गरजेप्रमाणे येते-जाते.

संदेशची कंपनी गाड्यांच्या सीटा बनवायची. नाशिकच्या सातपूरमधलं त्याचं अख्खं खातं उचलून ती तळेगावला, नवलाख उंबऱ्याच्या शिवेवर नेणार होती. नोकरी टिकवायची असेल त्यानं शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवायचं. कँटीनमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. एकानं दक्षिणेचं दार नको म्हणून चांगली चांगली घरं नाकारली. एकानं मेव्हणा चिंचवडला राहतो म्हणून चिंचवडच्या बाजूची सगळी गावंच यादीतून काढली. संदेशचं तसं नव्हतं. कुणी तरी ठरवून दिलं की त्याला बरं वाटायचं. बायकोनं ठरवलं तर बायकोचं, सासऱ्यानं ठरवलं तर सासऱ्याचं. त्या आठवड्यात सासरा आधी बोलला, एवढाच फरक.

हिरानं मात्र घर बघायची स्वतःची पद्धत काढली होती. दोन रविवार ती तळेगावात हिंडली. एजंट तिला मॉड्युलर किचन दाखवायचा, आणि ही खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या बघायची. शाळेचे गणवेश वाळत घातलेत का? कामावरचे शर्ट आहेत का? दोरीवर साडी, टॉवेल, लहान मुलाचा लंगोट, असं सगळ्या वयांचं काही आहे का? खाली उतरून तिनं दूधवाल्याला विचारलं, "इथली माणसं रतीब लावतात, का सुट्टं दूध नेतात?" दूधवाला म्हणाला, "सगळ्या इमारतीला रतीब आहे ताई." मग ती एजंटाला म्हणाली, "हे घर बरंय." किचन तिनं बघितलंच नव्हतं. एजंट चक्रावला. असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं.

तिचं गणित साधं होतं. जिथं माणसं सोमवारीही राहतात, तिथं आपण राहायचं. खंडाळ्यात वाढलेल्या पोरीलाच हे गणित सुचणार.

तिचा बाप सावळा खंडाळ्याला बंगला राखायचा. फाटक, झाडलोट, पाण्याची मोटर, बाग, साहेबांची कुत्री, साहेबांचे पाहुणे. बंगल्याच्या मागं एक खोली, तिला आउटहाऊस म्हणायचं. हिरा त्या खोलीत जन्मली आणि बारावीपर्यंत तिथंच राहिली. सोमवार ते शुक्रवार सगळी आळी तिची. शुक्रवारी संध्याकाळी गाडीचा हॉर्न वाजला की कोंबड्या डालग्याखाली, रेडिओ बंद, दोरीवरचे कपडे आत, पोरं मागच्या अंगाला. तिची आई सावित्राबाई तापानं फणफणलेली असताना शनिवारी दवाखान्यात न्यायची राहिली, कारण बंगल्यावर साखरपुडा होता. ती त्यातून उठली, वारली ते पुष्कळ वर्षांनी आणि दुसऱ्याच दुखण्यानं. पण हिरानं तो शनिवार कुणाला माफ केला नव्हता.

"बंगला आहे म्हणे," सासू शालूबाई म्हणाल्या. त्या इगतपुरीकडच्या एका पाड्यावरून सातपूरच्या दोन खोल्यांत आलेल्या, आणि तिथं त्यांचा जीव गेली कित्येक वर्षं कोंडलेलाच होता. "झाडं, हवा, अंगण. आन् तुझ्या बापाच्या ओळखीचं. अजून काय पाहिजे गं तुला?"

"आत्या, बंगला त्यांचा. आपल्याला मागचं घर."

"भाडं तळेगावच्या निम्म्यावर आहे," संदेश म्हणाला.

"का आहे? एवढं विचारलंत का?"

"ओळखीनं असतं."

"ओळखीनं साखर मिळते वाटीभर. घर नाही मिळत."

तिनं संध्याकाळी तळेगावच्या एजंटाला फोन लावला. तो फ्लॅट गेला होता. सकाळीच तुमच्या मिस्टरांनी 'नको' कळवलं, असं तो म्हणाला. नाही म्हणायला संदेशला एरवी महिना लागायचा. या एका बाबतीत तो फार वेळेवर वागला होता. हिरा त्याच्याशी टेम्पो भरेपर्यंत बोलली नाही. भांडी मात्र तिनं अशी भरली की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून गेले.

कुरवंडे रस्त्याला, लोणावळ्याची गजबज संपते तिथं एका आवारात तीन बंगले होते, आणि तिन्हींच्या मागं, फाटक नीट दिसेल अशा जागी, तीन खोल्यांचं नवं कोरं घर. टाइल्स, गिझर, पांढरा रंग. आउटहाऊस असा शब्द कुणी उच्चारला नाही. मालक पोतनीस साहेब पहिल्या दिवशी मुद्दाम मुंबईहून आले होते. गोरटेले, गोड बोलणारे, पायात कॅनव्हासचे बूट. सावळा त्यांच्या मागं हात बांधून उभा.

"या संदेशराव. आजी, प्रवास कसा झाला? दमलात ना?" आणि मग, "काय गं हिरा, ओळखलंस का? एवढीशी होतीस, दादरच्या आमच्या काकांच्या खंडाळ्याच्या बंगल्यावर. फाटकावर लोंबकळायचीस."

नवऱ्याला राव, सासूला आजी, आणि हिला काय गं. एका वाक्यात साहेबांनी सगळ्यांना जागच्या जागी बसवलं. हिरानं ते ऐकलं आणि हसली नाही.

साहेबांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. "तिन्ही बंगल्यांच्या आहेत. तुमच्याकडे असू द्यात. आम्ही काय, महिन्यातून एकदा येणार. अधूनमधून पाहुणे येतात. जरा लक्ष ठेवा, एवढंच."

"म्हणजे नक्की काय करायचं, साहेब?" हिरानं विचारलं.

साहेब हसले. "अगं, सावळाची मुलगी ना तू? तुला मी काय सांगू?"

तिनं हात पुढं केला नाही. संदेशनं करावा की नाही याचा विचार चालवला. तेवढ्यात शालूबाई पुढं झाल्या, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि जुडगा पदरात घेतला.

इथं कुणाचं चुकलं ते सांगायला हवं. शालूबाईंच्या पाड्यावर शेजारी जत्रेला, लग्नाला, बाळंतपणाला निघाला की घराची किल्ली एखाद्या घरी ठेवून जायचा. कुणाच्याही घरी नाही. ज्या घरावर गावाचा विश्वास, त्या घरी. ती किल्ली घेताना पदर पसरायचा, देवापुढं ठेवायची, आणि शेजारी परत येईपर्यंत रोज तिला हळदीकुंकू लावायचं. ज्या घराच्या देव्हाऱ्यात चार घरच्या किल्ल्या, त्या घराची सोयरीक पंचक्रोशीत कुणी नाकारत नसे. सातपूरला येऊन इतकी वर्षं झाली, शालूबाईंकडे कुणी कधी किल्ली ठेवली नव्हती. शेजारीण तर दोन दिवस गावाला जायची ते तीन कुलुपं लावून. आणि आज, पहिल्याच दिवशी, मुंबईच्या साहेबानं एकदम तीन बंगले त्यांच्या पदरात घातले. म्हातारीचे डोळे भरून आले. त्यांनी जुडगा देव्हाऱ्यात ठेवला, वर फूल वाहिलं.

"आजी, काय हे!" पोतनीस साहेबांनी फोनवर फोटो काढला. मंडळींना दाखवायला.

हिरा स्वयंपाकघरात गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली.

पहिले पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. संदेश म्हणाला, "बघ, उगाच डोक्यात राख घालून घेतली होतीस." मग जून सरला आणि पावसाळी शनिवार सुरू झाले.

पाहुणे म्हणजे साहेबांचे पाहुणे नव्हतेच. तिन्ही बंगले मोबाइलवर भाड्यानं लागलेले होते. दर आठवड्याला नवी माणसं. साहेबांचे निरोप बोलक्या मेसेजमधून यायचे, कायम हसऱ्या आवाजात. संदेशराव, जरा गिझर सुरू करून ठेवा हं. संदेशराव, गॅसवाला येईल, जरा उभे राहा. संदेश कामावर, निरोप घरात फिरत फिरत हिरापाशी येऊन थांबायचा. बर्फ कुठं मिळेल? कोळसा आहे का? वायफायचा पासवर्ड काय? ताई, जरा एक चादर. रात्री मैफिली, सकाळी व्हरांड्यात कांद्याची सालं आणि कुणाची तरी एकच चप्पल. रस्ता गाड्यांनी असा तुंबायचा की कंपनीची बस वळणापर्यंत यायची नाही, आणि संदेश पावसात चालत घरी पोचायचा. तरी तो म्हणायचा, "हवा चांगली आहे पण."

शालूबाई सुखात होत्या. पाहुण्यांना त्या पिठलं-भाकरी करून घालायच्या. पाहुणे "आजी, क्या बात है" म्हणायचे, त्यांना मध्ये बसवून फोटो काढायचे. रविवारी जाताना अर्धा केक ठेवून जायचे.

"उरलेला आहे तो, आत्या."

"प्रेमानं दिलाय."

"प्रेमानं दिला असता तर कापायच्या आधी दिला असता."

हिराची लेक अपेक्षा आठवीत होती. एका शनिवारी ती गणिताचं पुस्तक घेऊन अंगणात बसली होती. वरच्या बंगल्यातून एका बाईनं टाळी वाजवली. हाक नाही, टाळी. "ए, जरा खुर्च्या आण गं खालच्या." अपेक्षानं इकडंतिकडं बघितलं, आणि पुस्तक पालथं ठेवून उठली. दुसरी खुर्ची उचलली तेव्हा हिरा दारात आली. तिनं लेकीच्या हातातून खुर्ची घेतली, जागच्या जागी ठेवली आणि त्या बाईकडे मान वर करून म्हणाली, "तिचा अभ्यास चाललाय. खुर्च्या हलक्या आहेत."

बाई गोंधळली. "अहो, पण तुम्ही केअरटेकरच ना?"

"आम्ही भाडेकरू आहोत. तुमच्यासारखेच. फक्त आम्ही सोमवारीही असतो."

रात्री साहेबांचा मेसेज आला. आवाज हसराच, पण थोडा कमी. संदेशराव, पाहुण्यांशी जरा गोडीनं. आपल्या रेटिंगचा प्रश्न असतो.

"आपल्या!" हिरा म्हणाली. "ऐकलंत? आपल्या."

"तू जरा दमानं घेतलं असतंस तर..."

"पोर टाळीवर उठली, दिसलं का तुम्हाला? विचारलं नाही, कुरकुरली नाही. उठली. दीड महिन्यात शिकली. मला विसरायला पंधरा वर्षं लागली."

संदेशनं भाजीत बोट बुडवून चव बघितली. काही बोलण्यासारखं नसलं की तो मीठ बघायचा.

हिरा नाशिकला एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. रक्त, थुंकी, लघवी. लोक नाक मुरडतात, पण तिला ते काम आवडायचं. काचपट्टीखाली साहेबाचं आणि सावळाचं रक्त सारखंच दिसतं, असं ती एकदा गमतीनं म्हणाली होती. इथं आल्यापासून ती तळेगावच्या लॅबांत अर्ज टाकत होती. जुलैच्या शेवटी एका लॅबनं बोलावलं. अट एकच: शनिवार-रविवार यावं लागेल, तेव्हाच गर्दी असते, सुट्टी मधल्या वारी. येत्या शनिवारी सकाळी हजर व्हा, नाही तर दुसरी मुलगी तयार आहे.

तिनं हो म्हटलं आणि मग घरात सांगितलं. आंघोळीला कुणी गेलेलं नाही ना, एवढं बघून.

शुक्रवारी दुपारी साहेबांचा निरोप आला. शनिवारी तिन्ही बंगले भरलेत. मोठी पार्टी आहे, कंपनीची माणसं आहेत. अकराला फाटकावर कुणी तरी हवं, आणि दिवसभर घरात कुणी तरी हवं.

"माझी पहिली पाळी आहे," संदेश म्हणाला. "तू लॅबला सांग ना, सोमवारपासून येते म्हणून."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"पुढचं पुढं बघू."

"तुम्ही सांगा ना तुमच्या कंपनीला. सोमवारपासून येतो म्हणून."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"हो ना. तुमचं ते काम, माझं ते काहीतरी."

त्यानं सासऱ्याला फोन केला. दुसरं काय करणार? संध्याकाळी सावळा कुरवंड्याहून छत्री टेकत आला. सोबत पिशवीत भोपळा. भांडण मिटवायला तो नेहमी भाजी आणायचा.

"पोरी, एक दिस थांबलीस तर काय आबाळ कोसळंल?" तो ओट्यावर बसत म्हणाला. "सायबांस्नी म्या शब्द दिलाय."

"कसला शब्द? आज नीट सांगा. काय बोलला होता तुम्ही साहेबांशी?"

सावळानं छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "हेच की... घर द्या माज्या लेकीला. कमी भाड्यानं द्या. ती लक्ष ठिवील. तिला सगळं ठावं हाय. लहानपनापासनं हातातलं काम हाय तिच्या."

हिरा खाली बसली. राग आला की माणूस ओरडतो असं म्हणतात. तिचा आवाज उलट खाली गेला. "मला विकलंत की आबा."

"आगं ए! काय बोलतीस ह्ये! बापाला आसं बोलत्यात व्हय?"

"मग काय म्हणू? मला शिकवलंत कशाला? त्या सगळ्या परीक्षा कशाला दिल्या मी? आई म्हणायची, माझ्या पोरीच्या हातात झाडू नको. ऐकत होता ना तुम्ही? शेजारीच बसला होता."

"तुला झाडू कुनी दिला? नुसतं लक्ष ठिवायचं..."

"आई तापली होती तेव्हा पण नुसतं लक्षच ठेवत होता तुम्ही. फाटकावर."

हे फार जिव्हारी लागणारं होतं, आणि तिला ते माहीत होतं. सावळाचा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा झाला. एवढा वेळ तो नव्हता.  मग तो म्हणाला, "मला वाटलं, लेक जवळ ईल. कुरवंडं हितनं चालत हाय. तळेगाव कुटं, कुरवंडं कुटं. तुज्या भावाच्या घरी मी काय, ओट्यावर बसलेला आसतो. सून ताट देती, न्हाई म्हनत न्हाई. पन बोलत कुनीच न्हाई." भोपळा पिशवीतून काढून त्यानं बाजूला ठेवला. "मी माज्यापायी केलं. व्हय. माज्यापायी केलं."

हिराला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो रागच. त्यानं खरं सांगितलं म्हणून आणखी राग. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

ती उठून देव्हाऱ्यापाशी गेली आणि जुडगा उचलला.

"अगं, अगं! देवापुढचं हाय ते!" शालूबाई धावल्या. "विश्वासानं दिलेल्या किल्ल्या अशा उचलू नये!"

"विश्वास कुणाचा, आत्या? ह्या किल्ल्यांची दुसरी जोडी साहेबांच्या मोबाइलवर बुक करणाऱ्या प्रत्येकाला मिळते. फाटकाशेजारच्या पेटीत असते, नंबर दाबला की उघडते. मी स्वतः बघितलंय. ही आपल्याकडे दिली ती विश्वासानं नाही. कुणाची नळी तुंबली तर रात्री उठवायला कुणी तरी असावं म्हणून."

शालूबाई खाली बसल्या. एवढे दिवस त्या जुडग्याला कुंकू लावत होत्या. आता नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "मंग त्यानं फोटो का काढला?" त्यांनी विचारलं.  संदेशनं या खेपेला मीठही बघितलं नाही.

हिरानं जुडगा बापाच्या मांडीवर ठेवला. "शब्द तुम्ही दिला. तुम्हीच पाळा. मी उद्या कामावर जातेय."

शनिवारी सकाळी ती गेली. लॅबमध्ये दिवसभर सुया टोचल्या, नळ्यांवर नावं लिहिली, एका पैलवानाला चक्कर आली त्याला पाणी पाजलं. जेवायच्या सुट्टीत तिनं त्याच जुन्या एजंटाला गाठलं. स्टेशनच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, एक घर रिकामं होतं. लिफ्ट नाही, किचन जुनाट. ती जिन्यातच थांबली. वरच्या मजल्यावर कुणी तरी पोराला पाढे म्हणायला लावत होतं, खाली बाई भाजीवाल्याशी वाद घालत होती, आणि मधल्या मजल्यावरचा गृहस्थ तिला म्हणाला, "कोण पाहिजे?" संशयानं, वैतागून, अगदी घरच्यासारखं. तिनं घर घेऊन टाकलं. मग संदेशला फोन केला. "घर ठरलंय. तुम्ही कुणाचाही फोन आला तरी उचलायचा नाही."

"बरं," संदेश म्हणाला. ठरवून दिलं की त्याला बरंच वाटायचं.

संध्याकाळी ती आवारात शिरली तर फाटकावर सावळा. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. दोन गाड्यांना मागं घ्यायला लावून तिसरीला वाट करून देत होता. "काका, बर्फ?" कुणी तरी वरून ओरडलं, आणि हा "आनतो, आनतो" करत असा चालला की छत्री फाटकालाच टांगलेली राहिली. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं दुखणं त्या दिवशी कुठं गेलं होतं, देव जाणे.

"सायबांचा फोन आलता," तो तिला म्हणाला. चेहरा उजळलेला. "म्हन्ले, सावळा, तुजी पोरगी जाऊ दे, तूच ऱ्हा की. मागचं घर तुलाच. भाडं बी नगं."

हिराच्या हातातली पिशवी खाली आली. इतके दिवस ती भांडली होती ते आपल्या घरानं त्या जुडग्यातून सुटावं म्हणून. सुटलं ते अर्धंच. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्या शब्द दिला."

"आबा! या वयात? रात्री-अपरात्री? काही झालं तर कोण आहे तुमच्याजवळ? माझ्याकडे चला तळेगावला."

"तितं मी काय करू? गॅलरीत बसू?" तो मान हलवत म्हणाला. "हितं मानसं हाक मारत्यात गं. बर्फासाठी का हुईना. तुला न्हाई कळायचं."

कळलं होतं तिला. म्हणून तर ती एवढी भडकली की सरळ घरात जाऊन तिनं पोतनीस साहेबांना फोन लावला. पगार ठरवा, म्हणाली. कागदावर ठरवा. आठवड्यात एक दिवस सुट्टी ठरवा, आजारी पडले तर दवाखाना ठरवा. साहेब हसले. अगं, सावळा घरचाच आहे. "घरचा आहे तर हॉलमध्ये झोपू द्या," हिरा म्हणाली. मग साहेब हसले नाहीत. पगार ठरला. थोडाच, पण ठरला, आणि मेसेजवर लिहून आला. सुट्टीचं साहेब बघतो म्हणाले. सावळा तीन दिवस लेकीशी बोलला नाही. तिनं त्याची साहेबापुढं शोभा केली, असं त्यानं शालूबाईंना सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी टेम्पो भरला. शालूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर देव्हारा, तोंडावर नाराजी. दुसरा मजला त्यांना मान्य नव्हता. संदेश आणि अपेक्षा मागं सामानात. हिरा सगळ्यात शेवटी चढली, तेवढ्यात सावळानं फाटकाचं एक दार ओढून उघडलं, बाजूला सरला, आणि टेम्पो हलताच त्याचा उजवा हात आपसूक कपाळाला लागला. साहेबांच्या गाडीला लागतो तसा.

"थांबवा!" हिरा ओरडली.

टेम्पो फाटकाच्या मधोमध थांबला. ती उतरून बापासमोर जाऊन उभी राहिली.

"हात खाली घ्या."

"आगं, सवय..."

"हात खाली घ्या, आबा. मी आहे ही. हिरा."

त्यानं हात खाली घेतला. कुठं ठेवावा ते त्याला कळेना. एवढ्यात बाहेर रस्त्यावर मुंबईच्या पाटीची लांबलचक गाडी येऊन उभी राहिली. शुक्रवारचे पहिले पाहुणे. हॉर्न वाजला. सावळा दचकला आणि फाटकाचं दुसरं दार उघडायला धावत सुटला.

"आबा!"

तो थबकला.

"धावू नका. चालत जा."

पुन्हा हॉर्न. लांब, चिडका. हिरा फाटकात उभीच राहिली, एक हात टेम्पोच्या फळीवर, तोंड त्या गाडीकडे. काचेतून कुणी तरी हातवारे करत होतं. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बसा ना, माणसं खोळंबलीत."

"खोळंबू द्या," ती म्हणाली. "माझे वडील येतायत."

आणि सावळा, एकदा लेकीकडे, एकदा गाडीकडे बघत, दुखऱ्या गुडघ्यांनी, सावकाश, दुसऱ्या दाराकडे चालत गेला.